शिक्षा की मात्रा? केस उजळण्याचा घरगुती इतिहास



आजचा विषय केस उजळण्याचा आहे. आपल्या घरांतली तरुण मंडळी ज्याला ‘ब्लीच’ म्हणतात, त्याचा. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं या विषयात कशाला शिरावं, असं कुणी विचारील, आणि विचारावंच. आम्हांला इथे खेचून आणलं ते एका जुन्या प्रश्नानं. माणूस आपल्या हौसेपोटी स्वतःच्या शरीरावर काही प्रयोग करतो, त्यात नुकसान होतं. त्या नुकसानाकडे पाहायचं कसं?

गेल्या दोन हजार वर्षांत या प्रश्नाची दोन उत्तरं दिली गेली. एक उत्तर असं, की नुकसान ही हौसेची शिक्षा आहे. दुसरं उत्तर असं, की नुकसान हा मात्रेचा प्रश्न आहे: किती तीव्र, किती वेळ, कितीदा. पहिलं उत्तर प्रामुख्यानं लिहिणाऱ्यांनी दिलं. दुसरं प्रामुख्यानं करणाऱ्यांनी दिलं, आणि करणाऱ्यांत बहुसंख्य होत्या बायका, आपापल्या घरात, आपापल्या भांड्यांत. म्हणून पहिलं उत्तर ग्रंथांत मोठ्या अक्षरांत सापडतं आणि दुसरं पाककृतींच्या वह्यांत शोधावं लागतं. आज आपण दोन्ही शोधू.

आधी केस म्हणजे काय ते पाहू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. डोक्याच्या कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, पेशी जिवंत नाहीत. तो केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा आहे, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पातळ खवल्यांचं आवरण असतं. आपल्याकडच्या घरांवर मंगलोरी कौलं जशी एकावर एक चढवलेली असतात, तसं. रंग या कौलांखाली, आतल्या भागात असतो. मेलॅनिनचे बारीक कण तिथे विखुरलेले असतात. आतले धागे एकमेकांना बांधून ठेवायला गंधकाचे दुवे असतात, आणि केसाचा दम बराचसा त्यांच्यावर अवलंबून असतो.

आता ही अडचण बघा. आपला परंपरेतला कलप किंवा मेंदी ही बेरीज आहे. केसावर किंवा केसात रंग घालायचा. उजळणं ही वजाबाकी आहे. आतला रंग काढून टाकायचा. आत जायचं तर कौलं उचकटावी लागतात, आणि मेलॅनिन मोडणारं रसायन मेलॅनिन तेवढं निवडून मोडत नाही. ते गंधकाचे दुवेही तोडतं. याचा अर्थ असा, की नुकसानाशिवाय उजळणं नाही. प्रश्न फक्त किती, एवढाच राहतो. आणि केस निर्जीव असल्यामुळे झालेलं नुकसान भरून येत नाही. जखम भरते, केस भरत नाही. तो कापला जातो आणि मुळातून नवा येतो.

लांब केसांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब केसाचं टोक पाच वर्षांचं असतं. पाच उन्हाळे, पाच पावसाळे आणि असंख्य वेळचं विंचरणं त्यानं सोसलेलं असतं. मुळाजवळचा केस मात्र गेल्या महिन्यातला. एकाच केसावर ताजं आणि जुनं असं दोन्ही असतं. लांब केस घरी उजळणाऱ्याच्या बहुतेक अडचणी इथून निघतात.

आता इतिहासाकडे.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात डायोडोरस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं गॉल लोकांचं, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या रहिवाशांचं, वर्णन केलं आहे. त्यांचे केस मुळात फिकटच. तरी ते अधिक उजळावेत म्हणून ते वारंवार चुन्याच्या पाण्यानं धुत. चुन्याची निवळी आपल्याला माहीत आहे, ती कडक अल्कली. डायोडोरस पुढे सांगतो, की या उपचारानं त्यांचे केस इतके जाड आणि राठ होत की घोड्याच्या आयाळीत आणि त्यांच्यात फरक उरत नसे. नोंद घेण्यासारखी गोष्ट ही, की तो त्यांना दोष देत नाही. कारण सांगतो, परिणाम सांगतो. अल्कलीनं कौलं उचकटली की केस खरखरीत होतो, हे त्यानं नेमकं टिपलं आहे.

शतकभरानं रोमन विश्वकोशकार प्लिनी याच गॉलांच्या आणखी एका वस्तूची नोंद करतो. केसांना तांबूस झाक आणायला ते चरबी आणि राख यांचं मिश्रण वापरत. उत्तम म्हणजे बीच झाडाची राख आणि शेळीची चरबी. घट्ट आणि पातळ असे दोन प्रकार होते, आणि जर्मन लोकांत ते बायकांपेक्षा पुरुष जास्त वापरत, असंही तो सांगतो. या मिश्रणाला त्यानं दिलेलं नाव ‘सापो’. युरोपातल्या अनेक भाषांतले साबणाचे शब्द याच नावापाशी जातात. केस रंगवण्याची वस्तू म्हणून साबण ग्रंथात आला, ही गंमत लक्षात ठेवू. आणि हेही, की ही हौस बायकांचीच, हा समज सुरुवातीपासूनच चुकीचा आहे.

रोमच्या बायकांनी हे उपाय उचलले, आणि तिथे सूर बदलला. कवी ओव्हिडची एक कविता आहे. तिच्यात प्रेयसीचे केस रंगाच्या औषधानं गळून गेले आहेत. केस आधी कसे होते, हे तो तपशिलानं सांगतो: रेशमासारखे तलम, कमरेपर्यंत रुळणारे. मग म्हणतो, मी तुला नको म्हणत होतो. हे तुझ्याच हातानं झालं. ती बिचारी गळालेले केस मांडीवर घेऊन रडते आहे, आणि हा तिला सांगतो आहे की आता जर्मनीतल्या युद्धबंदी बायकांचे केस तुझ्या डोक्यावर येतील. शेवटी समजूतही घालतो, की केस परत उगवतील. ते खरंच आहे. पण कवितेचा रोख पाहा. कोणतं औषध, किती तीव्र, किती वेळ ठेवलं, याबद्दल त्याला कुतूहल नाही. दोष कुणाचा, एवढंच ठरवायचं आहे.

इसवी सन २००च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याच दिशेनं खूप पुढे जातो. केस केशरी करणाऱ्या बायकांना तो म्हणतो, की तुम्हांला आपल्या देशाचीच लाज वाटते, जर्मन किंवा गॉल म्हणून जन्मलो नाही याचं दुःख वाटतं. हे वाक्य आपण नुसतं हसून सोडू नये. केसांच्या रंगात सत्ता, वंश, पुढारलेले कोण आणि मागासलेले कोण, हे सगळं मिसळतं, हे त्याला कळलं होतं. गंमत अशी, की रोमन बायका ज्यांचा रंग घेत होत्या ते जिंकलेले लोक होते. पुढच्या काळात हाच रंग जिंकणाऱ्यांचा म्हणून जगभर गेला. टर्टुलियन औषधानं केसांची नासाडी होते हेही सांगतो, उन्हात डोकं तापवण्याचा अपाय सांगतो. निरीक्षण बरोबर आहे. पण ते मात्रेसाठी वापरलेलं नाही, भीतीसाठी वापरलेलं आहे. नुकसान हा त्याच्या दृष्टीनं पुरावा आहे, पापाचा.

आता एकदम तेराशे-चौदाशे वर्षं ओलांडून सोळाव्या शतकातल्या व्हेनिसला जाऊ. उडी मोठी आहे, पण कारण आहे. करणाऱ्यांच्या बाजूचं चित्र इथे प्रथमच स्पष्ट दिसतं. चेझारे वेचेल्लिओ हा चित्रकार टिशियनच्या नात्यातला. १५९० साली त्यानं वेशभूषांवर सचित्र ग्रंथ छापला. त्यात व्हेनिसमधली एक स्त्री घराच्या छपरावर बांधलेल्या लाकडी सज्जात भर उन्हात बसली आहे. या सज्जाला ‘अल्ताना’ म्हणतात. व्हेनिसमध्ये ते आजही दिसतात. तिच्या डोक्यावर गवताची रुंद काठाची टोपी आहे, पण टोपीला वरचा भागच नाही. मधल्या भोकातून केस बाहेर काढून काठावर पसरलेले. काठ चेहऱ्याला सावली देतो आणि केसांना ऊन मिळतं. या टोपीचं नाव ‘सोलाना’. हातात काठीला बांधलेला स्पंज, आणि त्यानं ती केस पुन्हा पुन्हा ओले करते आहे. ते पाणी काही जणी विकत घेत, काही जणी घरी करत.

त्या पाण्यात काय असे? १५६२ साली व्हेनिसमध्येच जोव्हान्नी मारिनेल्लो या वैद्यानं स्त्रियांच्या प्रसाधनावर पुस्तक छापलं, त्यात अशा कृती भरपूर आहेत. त्याआधी इटलीतल्या फोर्ली या गावची राज्यकर्ती कातेरिना स्फोर्झा, मृत्यू १५०९, हिनं चारशेहून अधिक कृतींचा संग्रह केला होता. औषधं, अत्तरं, रसायनं, आणि केस सोनेरी करण्याचे उपायही. त्या काळच्या अशा कृतींत राखेचं पाणी, तुरटी, गंधक, केशर अशा वस्तू फिरून फिरून येतात. आज आपण याचा अर्थ लावू शकतो. राखेच्या पाण्यातल्या अल्कलीनं केस फुगतो, कौलं उघडतात. उन्हातले अतिनील किरण मेलॅनिन मोडतात. केशर पिवळी झाक देतं. म्हणजे वजाबाकी आणि बेरीज एकाच वेळी.

आम्हांला या चित्रात सोलाना टोपी फार महत्त्वाची वाटते. ती कुणी शोधली ते नोंदलेलं नाही. पण ती म्हणजे मात्रेचा विचार आहे, गवतात विणलेला. ऊन हवं आहे, पण सगळीकडे नको. केसाला हवं, गालाला नको. ‘ऊन वाईट’ असंही ती टोपी म्हणत नाही आणि ‘ऊन चांगलं’ असंही म्हणत नाही. कुठे आणि किती, एवढं ठरवते. योगायोग असा, की त्याच शतकात, १५३८ साली, पॅरासेल्सस या वैद्यानं सिद्धान्त मांडला की सगळ्याच वस्तूंत विष असतं आणि अमुक वस्तू विष आहे की नाही हे मात्रा ठरवते. विषविज्ञान आजही हे पायाभूत मानतं. पॅरासेल्ससचं नाव राहिलं. टोपी विणणारीचं राहिलं नाही.

यानंतरचा टप्पा प्रयोगशाळेतला. १८१८ साली पॅरिसमध्ये लुई जॅक थेनार यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार केलं. पाण्यात आणखी एक ऑक्सिजन जोडलेला, आणि तो सोडायला उतावीळ असलेला. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचे थिएले आणि पॅरिसचे केशकर्तनकार ह्यूगो यांनी सुमारे तीन टक्क्यांच्या पेरॉक्साइडनं केस उजळून दाखवले, असं सौंदर्यप्रसाधनांचा इतिहास सांगतो. दिवसच्या दिवस छपरावर बसणं संपलं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की मात्रा आता आकड्यात आली. आजही पेरॉक्साइडच्या बाटलीवर ‘व्हॉल्यूम’ लिहिलेलं असतं. दहा व्हॉल्यूम म्हणजे तीन टक्के, वीस म्हणजे सहा, तीस म्हणजे नऊ, चाळीस म्हणजे बारा. एक भाग द्रावणातून किती भाग ऑक्सिजन वायू निघेल, त्याचा हा आकडा. युरोपातल्या नियमांत केसांच्या उत्पादनांसाठी बारा टक्के ही कमाल मर्यादा आहे.

मात्रा आकड्यात आली म्हणून शिक्षेची भाषा गेली का? गेली नाही. १९३१ साली ‘प्लॅटिनम ब्लाँड’ हा चित्रपट आला आणि जीन हार्लोच्या पांढुरक्या केसांची लाट उसळली. तिच्या केसांवर पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या जोडीला कपडे धुण्याचं क्लोरीनचं ब्लीच वापरलं जाई, असं सांगितलं जातं. इथे जरा थांबून एक धोक्याची सूचना देतो आहोत, कारण ऐकणाऱ्यांत तरुण मुलं आहेत. क्लोरीनचं ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू सुटतो. घरात हे कधीही, कुठल्याही कारणासाठी करू नये, आणि फरशी पुसायचं ब्लीच डोक्याला लावू नये. तर हार्लो १९३७ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. लगेच अफवा उठली की केसांच्या रंगानं मेली. मूत्रपिंडाच्या आजाराला रंगाचं कारण जोडायला आधार नव्हता. पण टर्टुलियनचा निकाल तयारच होता: हौस केली, फळ मिळालं.

१९५६ साली अमेरिकेत क्लेरॉल कंपनीनं घरी वापरायचा रंग बाजारात आणला. उजळणं आणि रंग देणं एकाच टप्प्यात. त्याची जाहिरात शर्ली पोलिकॉफ या लेखिकेनं केली. जाहिरातीतला प्रश्न असा होता, की हिनं रंगवलेत की नाही? आणि उत्तर फक्त तिच्या केशरचनाकाराला ठाऊक. तो काळ असा, की केस रंगवणारी बाई म्हणजे सभ्य नव्हे असं मानलं जाई. म्हणून गुपित हेच विक्रीचं साधन झालं. रंग घरोघरी पोहोचला, पण लपून पोहोचला. आणि लपून केलेल्या गोष्टीची विचारपूस करता येत नाही. डोकं भाजलं तरी सांगायचं कुणाला?

इथून आपल्या घरात येऊ. काळ्या केसांत गडद मेलॅनिन भरपूर असतं. ते मोडताना केस आधी तपकिरी, मग तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा होत जातो. पडद्यावर दिसणारा फिकट सोनेरी रंग या वाटेच्या अगदी शेवटी आहे. गॉल माणसाला तिथे पोहोचायला दोन पावलं लागत होती, आपल्याला दहा लागतात, आणि प्रत्येक पावलाला केसाचा दम खर्च होतो. म्हणून पहिला निर्णय औषधाचा नाही, मुक्कामाचा आहे. मधासारख्या किंवा तांबूस तपकिरी रंगावर थांबलात तर निम्मं नुकसान तिथेच टळतं.

बाकीची पथ्यं वरच्या इतिहासातूनच निघतात. पहिलं, कमी तीव्रतेचं द्रावण घ्यावं, घरी वीस व्हॉल्यूमच्या वर जाऊ नये, आणि एका बैठकीत सगळं गाठण्यापेक्षा मध्ये काही आठवडे सोडून दोनदा करावं. दुसरं, आधी एक बट घेऊन तिच्यावर प्रयोग करावा: किती वेळात कोणता रंग, ओली बट ताणली तर तुटते का. तुटली तर डोक्यावर लावण्याचा विचार सोडावा. कातडीवरही थोडं लावून दोन दिवस वाट पाहावी. तिसरं, डोक्याच्या उबेनं मुळाजवळचा केस लवकर उजळतो. म्हणून पहिल्यांदा करताना मधली लांबी आधी, मुळं शेवटी. टोकं पाच वर्षांची आहेत हे विसरू नये, त्यांना कमीत कमी वेळ. पुढच्या वेळी फक्त नवी वाढ उजळावी. आधी उजळलेल्या केसावर पुन्हा लेप चढवला की तुटलाच म्हणून समजा. चौथं, वाफ, हेअर ड्रायर, कडक ऊन यांनी घाई करू नये. खिडकी उघडी ठेवावी, कारण ब्लीचच्या पुडीतल्या परसल्फेटची धूळ श्वासाला बाधते. सलूनमध्ये काम करणाऱ्यांना त्यामुळे दम्यासारखा त्रास होतो हे वैद्यकाला ठाऊक आहे. जळजळ झाली तर घड्याळ न बघता धुऊन टाकावं.

पाचवं पथ्य खास आपल्याकडचं. बाजारातल्या काही मेंदीत आणि कलपात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. अशा केसावर पेरॉक्साइड पडलं की ते झपाट्यानं फुटतं, केस तापतो आणि वितळल्यासारखा तुटतो. म्हणून मेंदी किंवा कलप लावलेल्या केसांची बट-चाचणी केल्याशिवाय पुढे जाऊच नये.

आणि तेल. आजीचं खोबरेल विज्ञानानं नाकारलं असं कुणी समजू नये. २००३ साली मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागानं खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केस धुताना जे प्रथिन वाहून जातं, ते कमी करण्यात खोबरेल उजवं ठरलं, आणि उजळलेल्या केसांच्या बाबतीतही. कंपनी खोबरेल तेलच विकते, हे ध्यानात ठेवून ते वाचावं. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलाचे रेणू लहान आणि सरळ, म्हणून ते केसाच्या आत शिरतात, बाकीची दोन बहुतांशी वरच राहतात. न्हाण्याआधी तेल लावण्याची चाल उजळलेल्या केसांना अधिकच लागू पडते. उजळल्यावर आम्लधर्मी कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, टोकांकडून वर सोडवत जाणं, आणि उन्हात डोक्याला ओढणी. व्हेनिसची टोपी आता उलटी घालायची, एवढंच. २०१४पासून तुटलेले गंधकाचे दुवे जोडण्याचा दावा करणारी उत्पादनंही आली आहेत. त्यांनी केसाला थोडी बळकटी येऊ शकते. केस पूर्ववत होत नाही.

शेवटी आमच्या वयाच्या मंडळींशी दोन शब्द. घरातल्या मुलीनं किंवा मुलानं केस उजळले आणि ते तुटायला लागले, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? बहुधा ओव्हिडचंच: आम्ही सांगत होतो. त्या वाक्यानं केस जुळत नाहीत. पुढच्या वेळी ते मूल दार लावून घेतं, चाळीस व्हॉल्यूमची बाटली आणतं, आणि डोकं भाजलं तरी बाहेर येत नाही. सौंदर्याची कल्पना कुठून आली, कोणाच्या रंगाला आपण मोठं मानतो, हा वाद जरूर घालावा. टर्टुलियनचा तो प्रश्न अजून जिवंत आहे. पण तो वाद बट तुटण्याच्या आधी किंवा बऱ्याच नंतर घालावा. मधल्या वेळेला विचारायचं ते एवढंच: किती टक्के लावलंस, किती वेळ ठेवलंस, आणि आता आग होते आहे का? आधी गार पाण्यानं धुऊन घेऊ.

इथे थांबतो. आपले प्रश्न असतील तर जरूर विचारावेत.